चाळीस पावलांपुढचं चऱ्हाट

माझ्या मोठ्या आत्याला घरात सगळे मागून चऱ्हाट म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, ते तिचं लाडाचं नाव आहे. एकदा सुट्टीत तिच्याकडे गेल्यावर मी तिला सरळ हाक मारली, "चऱ्हाट आत्या, मला पाणी दे." आईने मला कोपऱ्यात नेऊन चिमटा काढला. आत्याने मात्र पाणी दिलं आणि म्हणाली, "अगं, म्हणू दे की. निदान तोंडावर तरी म्हणतेय पोरगी."

आत्या आणि आतोबा दोर वळायचे. त्यांची शेड म्हणजे एक लांबच लांब बोळ होता. वर पत्रे, दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती, रुंदी जेमतेम दोन माणसं शेजारी चालतील एवढी. एका टोकाला लाकडी चाक, दुसऱ्या टोकाला दार, आणि मधली जमीन पावलांनी घासून घासून गुळगुळीत झालेली. पत्र्यांना भोकं होती. त्यांतून उन्हाचे कवडसे पडायचे आणि त्या कवडशांत वाखाची, म्हणजे घायपाताच्या तंतूंची, बारीक धूळ तरंगत राहायची. आत शिरलं की डोळ्यांवर एक प्रकारची झापड यायची. कामाचा आवाज म्हणजे फक्त चाकाची घरघर.

काम असं चालायचं. आतोबा वाखाची मोठी जुडी कमरेला गुंडाळायचे, तिचे चार धागे चाकाच्या आकड्यात अडकवायचे आणि उलट्या पावलांनी मागे मागे जायला लागायचे. आत्या चाक फिरवायची. चाकाने पीळ बसायचा आणि आतोबांच्या बोटांतून वाख सुटत सुटत त्याची दोरी होत जायची. दोरी वाढेल तसे आतोबा लांब जायचे, तोंड मात्र सतत आत्याकडे. शेवटच्या पावलापर्यंत एकशे दहा पावलं होत. छोटी पावलं, पण एकशे दहा. दोघांनाही मधेच थांबता यायचं नाही. ती थांबली तर पीळ सुटणार, ते थांबले तर गाठ येणार.

आत्या लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. माहेरी आम्ही बोलघेवडी माणसं. एकाचं वाक्य दुसऱ्याने पुरं करायचं आणि तिसऱ्याने खोडून काढायचं, अशी आमच्या घरची रीत. सासरी मात्र माणसं दोनच, सासरे आणि नवरा, आणि दोघेही मुखदुर्बळ. सासूबाई आधीच गेलेल्या. त्या जन्मापासून बहिऱ्या आणि मुक्या होत्या, एवढंच तिला सांगितलेलं. एक नणंद होती, ती गावातच दिलेली. आत्याला चाकावर बसवलं आणि पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं की या माणसाशी बोलायचं तर तो समोर असतो तोवर बोलून घ्यावं लागणार. म्हणून आतोबांनी पहिलं पाऊल मागे टाकलं की ती सुरू व्हायची. माहेरच्या गमती, शेजारणीचं भांडण, स्वप्नात काय दिसलं, दुधात माशी कशी पडली. एकाला जोडून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं.

पहिल्या वर्षी तिने एकदा अदमास घेऊन पाहिला. दर दहा पावलांनी विचारायचं, "अहो, ऐकू येतंय का?" आतोबा "हो" म्हणायचे. चाळीस पावलांवर "हो" आलं. पन्नासवर काही आलं नाही. साठवर नाही. चाकाच्या घरघरीत आवाज बुडून जात होता. आत्याने मनाशी धरलं की आपलं बोलणं चाळीस पावलांपर्यंत पोचतं. म्हणून काही तिने तोंड मिटलं नाही. हात चाकावर असले की तिचं तोंड आपोआप चालायचं.

एक दिवस नणंद आली, दारात उभी राहून बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "वहिनी, पुरे आता तुमचं चऱ्हाट. तो पार त्या टोकाला गेलाय. भिंतींना सांगताय का?"

आत्याला तो शब्द लागला. आमच्याकडे बडबड म्हणत, वटवट म्हणत, टकळी म्हणत. हा शब्द तिला नवा होता, पण बोलण्याच्या सुरावरून तो काही कौतुकाचा नाही हे कळत होतं. संध्याकाळी तिने सासऱ्यांना विचारलं, "मामंजी, चऱ्हाट म्हणजे काय हो?"

सासरे उठले, कोपऱ्यातून एक जाडाभरडा, केसाळ दोर उचलून आणला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"हे चऱ्हाट. चांगला लांब वाख होडीच्या दोराला जातो. मागे उरतं ते आखूड, तुटकं, गुंतवळ. ते फेकायचं नाही. एकाला एक लावत वळत राहायचं. दिसायला काही नाही, पण मोळी बांधायला, गाय बांधायला हेच लागतं."

"मग बोलण्याला चऱ्हाट का म्हणतात?"

सासरे म्हणाले, "आमचे आजोबा सांगायचे. होडीचा दोर वळताना लक्ष लागतं, तेव्हा बायका गप्प असायच्या. चऱ्हाट वळताना काय, डोळे मिटूनही चालतं. तेव्हा गप्पा निघायच्या. लोक म्हणायचे, काय चाललंय? तर चऱ्हाट चाललंय. कामाचं नाव बोलण्याला चिकटलं." मग म्हणाले, "खरं-खोटं मला माहीत नाही, सूनबाई. पण चऱ्हाटात काहीही घातलेलं चालतं. फक्त मधे थांबायचं नाही."

सासरे एवढं बोललेले आत्याने तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर कुणी चऱ्हाट म्हटलं तर ती रागवायची नाही.

त्याच सुमारास ती एकदा, अगदी पाचव्या-सहाव्या पावलाला म्हणाली होती की या चाकापाशी फार अंधार आहे, माझेच हात मला दिसत नाहीत. पंधरा दिवसांनी आतोबांनी चाकाच्या बाजूची भिंत कापून तिथे एक खिडकी बसवली. सकाळी उजेड थेट आत्याच्या तोंडावर यायचा. ती खूश झाली.

वर्षं गेली. आत्याला एक मुलगी झाली आणि अकरा दिवसांनी गेली. पुढे मूल झालं नाही. सासरेही गेले. शेडमध्ये दोघंच उरली. आणि हळूहळू, कुणी न ठरवता, आत्याच्या बोलण्याचे दोन भाग पडले. पहिली चाळीस पावलं घरची: तेल संपलंय, पत्रा गळतोय, नणंदेच्या मुलाचं लग्न ठरतंय. चाळिसाच्या पुढे माणूस लांब जायचा, चाक घरघरायचं, आणि मग ती जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगायची. आवाज न चढवता, तशीच त्यांच्याकडे बघत. तुम्ही जेवताना एक शब्द बोलत नाही, मला वाटतं मी दगडाला वाढतेय. लग्नाआधी मला एकाने विचारलं होतं, मी हो म्हणाले असते तर आज कुठे असते कोण जाणे. वाटतं एक दिवस हे चाक असंच फिरत सोडून त्या दाराने निघून जावं. आणि मुलीबद्दल. तिच्या कानाच्या पाळ्या कशा होत्या, तिची मूठ कशी उघडायची नाही.

"मला फार बरं वाटायचं गं," आत्या मला म्हणाली. "समोर माणूस आहे, माझ्याकडे बघतोय, आणि ऐकत नाहीये. असं कुणाला मिळतं?"

आत्या पंचेचाळीस वर्षांची झाली तेव्हा तिच्या गळ्यात गाठ निघाली. साधीच होती, पण कापून काढावी लागली. डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना बजावलं, "दोन महिने एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही. आवाज जपा, नाहीतर कायमचा जाईल."

आमच्या घरात या गोष्टीवर बरेच विनोद झाले. माझे वडील म्हणाले, डॉक्टरीणबाईंना पेशंटची पुरती माहिती दिलेली दिसत नाही. आत्याने पाटीवर लिहिलं, "ऐकू येतंय मला," आणि पाटी त्यांच्या नाकासमोर धरली.

तीन आठवड्यांनी ती चाकावर परत बसली. गप्प राहून चाक फिरवणं तिला जमेना. हाताची लय सापडत नव्हती. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी आतोबा पार लांब, नव्वद पावलांच्या आसपास पोचले होते, आणि तिला दिसलं की त्यांनी सदऱ्याची बटणं चुकीच्या काजात लावली आहेत. एक बाजू वर, एक खाली. सवयीने तिचे ओठ हलले. आवाज अजिबात नाही, नुसते ओठ. "बघा, बटणंसुद्धा धड लावता येत नाहीत या माणसाला."

लांबवर आतोबांनी मान खाली घालून छातीकडे पाहिलं. एका हाताने वाख सोडत, दुसऱ्या हाताने त्यांनी वरचं बटण काढलं आणि नीट लावलं. मग दुसरं.

आत्याचा हात थांबला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा चाक मधेच उभं राहिलं. घरघर बंद झाल्यावर शेडमध्ये अशी शांतता झाली की बाहेर कुणाच्या तरी सायकलची साखळी करकरत गेलेली ऐकू आली. दोरीचा पीळ सुटत सुटत ती जमिनीवर लोळली. आतोबा तिथेच उभे. एक बटण त्यांच्या हातात.

त्या दुपारी आत्याने पाटीवर लिहिलं, "कधीपासून?"

आतोबांनी सांगितलं. त्यांची आई बहिरी-मुकी होती आणि या चाकावर तीच बसायची. तिच्या ओठांवरून ते बोलणं वाचायला शिकले, बोलायला शिकण्याच्याही आधी. "तू ऐकू येतंय का विचारायचीस तेव्हा खरंच ऐकू येत नव्हतं. आणि चाकापाशी अंधार होता, दिसतही नव्हतं. मग खिडकी केली."

आत्याने लिहिलं, "म्हणजे मुद्दाम?"

"नाही. तुला अंधार वाटतो म्हणून केली. पण मग दिसायला लागलं. तू बोलत होतीस. तोंड तुझ्याकडे, काम सोडता येत नाही. मी कुठे बघू?"

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू बोलली नसतीस."

आत्याने पाटी पुसली. तिच्या डोक्यात सव्वीस वर्षं फिरत होती. अचानक एक दिवस चाकापाशी आलेलं पाठ टेकायचं स्टूल. एका वर्षी काही न बोलता आतोबांनी तिला तिच्या बहिणीकडे महिनाभर नेऊन सोडलं, ते. दर वर्षी एका ठराविक तारखेला शेड बंद ठेवून ते तिला पाण्याच्या कडेने फिरायला न्यायचे. तिला वाटायचं, यांना त्या दिवशी कामाचा कंटाळा येतो. ती तारीख मुलगी गेली त्या दिवसाची होती. आणि हेही आठवलं की लग्नाआधी विचारणाऱ्या त्या दुसऱ्या माणसाबद्दल तिने एकदा नाही, किमान दहादा सांगितलं होतं.

तिला माया वाटली का? तर नाही, राग आला. "माझी एकच जागा होती," ती मला म्हणाली, "आणि तिथे हा माणूस इतकी वर्षं बसून होता." दुसऱ्या दिवशी ती चाकावर आली ती तोंडाला पदर गुंडाळून. धुळीचा त्रास होतो, असं पाटीवर लिहिलं. आतोबांनी मान हलवली आणि मागे जायला लागले.

तो दोर वाईट निघाला. कुठे जाड, कुठे बारीक, मधे गाठी. दुसरा तसाच. होडीवाल्याने एक अख्खं भेंडोळं परत आणून टाकलं आणि विचारलं, "काय झालं तुमच्या हाताला?" आतोबा म्हणाले, हाताला काही झालेलं नाही. त्यांची पावलं सव्वीस वर्षं तिच्या बोलण्याच्या ठेक्यावर पडत आली होती, हे त्यांना स्वतःलाही आत्ता कळत होतं.

असे वीसेक दिवस गेले. मग एका सकाळी आतोबा अगदी शेवटी, दारापाशी पोचले होते. मागच्या उजेडात त्यांचं अंग काळं दिसत होतं, तोंडावर मात्र वरच्या भोकातला एक कवडसा. आत्याला दिसलं की त्यांचे ओठ हलताहेत. त्यांनी काहीतरी म्हटलं, थांबले, पुन्हा म्हटलं. चाकाच्या घरघरीत काहीही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. चाळीस पावलं गप्प, आणि पुढे ओठ हलतच राहायचे.

आपल्याशी कुणी बोलतंय आणि काय ते कळत नाही, ही गोष्ट आत्याला सोसण्यासारखी नव्हतीच. आठवड्याने दोन महिन्यांची मुदत संपली. तिचा पहिला आवाज घोगरा निघाला. जेवताना तिने विचारलं, "तिकडे उभं राहून काय बोलत असता?"

"चाळीस पावलांपुढचं."

"मग इथे सांगा."

"इथे जमत नाही मला," आतोबा म्हणाले.

तेव्हा आत्याने तोंडाला पदर गुंडाळणं सोडलं आणि ती ओठ वाचायला शिकायला बसली. संध्याकाळी काम संपल्यावर आतोबा खोलीच्या त्या भिंतीशी उभे राहायचे, ती या भिंतीशी. आधी आकडे. मग घरातल्या वस्तूंची नावं. "पाय" आणि "बाय" दिसायला सारखेच, "मी" आणि "बी" सारखेच. तिची फार चिडचिड व्हायची. ती म्हणायची, "ओठ उघडा की जरा, दाताखाली काय धरून ठेवलंय?" आतोबा म्हणायचे, तू फार भरभर बोलायचीस, मी कधी तक्रार केली का? त्यावर ती हसली आणि रागाचा बराचसा भाग तिथेच संपला, असं तिचं म्हणणं.

पुढे शेडमध्ये तिने वाचलेलं पहिलं पूर्ण वाक्य होतं, "सकाळचा चहा चांगला झाला होता." हे तिने मला सांगितलं तेव्हा मी हसले. ती हसली नाही. "सव्वीस वर्षांचा चहा होता तो," म्हणाली.

मग बरंच काही आलं. थोडं थोडं, दिवसाला दोन-तीन वाक्यं. लहानपणी आई हाक मारू शकत नसे म्हणून दोरीला हिसका द्यायची, ते. त्या दुसऱ्या माणसाला ते एकदा बाजारात मुद्दाम बघून आले होते, ते. "उंच होता," एवढंच त्यांनी त्याच्याबद्दल म्हटलं. आणि थंडी संपता संपता एका दुपारी, शंभराव्या पावलावर, त्यांनी मुलीबद्दल सांगितलं. तिचं नाव ठेवायचं राहिलं होतं, सगळ्यांना असंच माहीत होतं. आतोबा म्हणाले, मी तिला एका नावाने हाक मारायचो. तू झोपलेली असायचीस. अकरा दिवस हाक मारली.

ओठ पुन्हा हलले. आत्याला ते नाव पहिल्या खेपेला वाचता आलं नाही. तिने चाक फिरवत ठेवलं आणि मानेनेच विचारलं. आतोबांनी पुन्हा सांगितलं, अगदी सावकाश. तिसऱ्यांदा तिला कळलं. ते नाव तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी पुढे एका छापखान्यात मुद्रितं तपासायच्या कामाला लागले. एकदा तिथे एका शब्दकोशाची पानं आली आणि "च"च्या पानावर मला आत्याचं टोपणनाव भेटलं. अर्थ दोन दिले होते. एक, जाडाभरडा लांब दोर. दोन, लांबण लावलेलं कंटाळवाणं बोलणं. मूळ कुठलं ते पक्कं माहीत नाही, असंही होतं. सुट्टीच्या दिवशी मी तो कागद घेऊन आत्याकडे गेले. त्या दिवशीच तिने मला ही सगळी हकीकत सांगितली. त्याआधी घरात कुणालाच माहीत नव्हती.

तिने चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "कंटाळवाणं हे कुणी ठरवलं?"

"कोशवाल्यांनी."

"त्यांनी वळलंय का कधी?" मग पहिल्या अर्थावर बोट ठेवून म्हणाली, "हा बरोबर आहे. दुसऱ्यातलं लांबण लावलेलं हेही बरोबर. पण ज्याला ऐकू येत नाही असं वाटतं त्याच्याशीच बोललेलं, हे कुठे लिहिलंय?"

मी म्हटलं, ते फक्त तुमच्या घरचं आहे, ते कोशात येत नाही.

"असू दे," ती म्हणाली. "आमचं आमच्यापाशी."

आतोबा शेजारीच बसून वाख विंचरत होते. मी त्यांना विचारलं, "आतोबा, तुम्हाला कंटाळा नाही आला कधी?"

"आला की," ते म्हणाले. "दुधातल्या माशीची गोष्ट फार वेळा झाली."

साठी ओलांडल्यावर आतोबांची नजर मंदावली. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. हे डोळ्याच्या आतलं दुखणं होतं, त्याला उपाय नव्हता. एक दिवस ते सत्तराव्या पावलावरून म्हणाले, आज तुझं तोंड दिसत नाही, नुसता उजेड दिसतोय. पुढच्या महिन्यात साठवर तेच झालं. होडीचे लांब दोर त्यांनी तेव्हाच सोडले. कुणी विचारलं तर आत्या सांगायची, आम्ही आता आखूड मालच करतो. दोर पन्नास पावलांचे झाले, मग चाळीसचे. चाळिसाच्या आत आतोबांना ऐकू येत होतंच. त्यामुळे जे पूर्वी लांब गेल्यावर बोललं जायचं ते आता जवळून बोलावं लागे. दोघांनाही त्याचा सुरुवातीला संकोच वाटला. काही गोष्टी बोलताना आत्या आपोआप तोंड वळवायची, आणि आतोबा म्हणायचे, "इकडे बोल, चाकाचा आवाज होतोय."

आखूड दोरांना गिऱ्हाईक कुठून मिळणार, अशी माझ्या वडिलांना चिंता होती. ती एका शाळेने मिटवली. मुलींच्या शाळेच्या खेळाच्या बाई आल्या आणि उड्या मारायच्या तीस दोऱ्या सांगून गेल्या. एवढी बारीक दोरी त्या शेडमध्ये कधी झालीच नव्हती. चार दिवस खपून दोघांनी त्या वळल्या, टोकांना गाठी मारल्या, मेणाचा हात फिरवला. मी त्या दिवशी तिथेच होते. आत्याने एक दोरी उचलली, लांबी बरोबर आहे का बघते म्हणाली, साडी जरा वर खोचली आणि शेडच्या मधोमध, कवडशांच्या धुळीत, उड्या मारून पाहिल्या.

"किती झाल्या?" तिने धापा टाकत विचारलं.

"दोन," मी म्हटलं.

"तीन," आतोबा म्हणाले. त्यांना दिसलं नव्हतं, पण दोरी जमिनीला लागल्याचं त्यांनी ऐकलं होतं.